रिकाम्या टाकीतील हवा : लोखंडी इंधनटाकीच्या गंजप्रतिबंधाचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासात चालत्या यंत्राला जेवढे स्थान मिळाले आहे तेवढे थांबलेल्या यंत्राला मिळालेले नाही. मोटारगाडी प्रथम कोणी चालविली, तिचा वेग कसकसा वाढत गेला, हे इतिहासकारांनी बारकाईने नोंदविले आहे. परंतु सहा महिने किंवा सहा वर्षे एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे काय होते, हा प्रश्न बहुधा कोठारांच्या सूचनापत्रकांतच राहिला. प्रस्तुत लेखाचा विषय ह्या दुर्लक्षित प्रश्नाचाही एक लहानसा भाग आहे. साठवणीत ठेवलेल्या वाहनाची रिकामी इंधनटाकी आतून गंजू नये म्हणून काय काय केले गेले आणि ते का केले गेले, एवढेच येथे पाहावयाचे आहे. विषय लहान खरा. पण गंज कशाने चढतो ह्याविषयी शंभर वर्षे चाललेला शास्त्रीय वाद ह्या पत्र्याच्या डब्याला प्रत्येक टप्प्यावर लागू पडतो. ह्या वादाचे साधन हाती घेऊन पाहिले असता असे दिसते की, टाकीच्या संरक्षणात खरी प्रगती झाली ती लोखंडाविषयीच्या नव्या ज्ञानामुळे नव्हे. टाकीतल्या हवेविषयीच्या ज्ञानामुळे झाली.

आपल्या भाषेत लोखंडाला गंज ‘चढतो’, तांब ‘चढते’. दोन्ही प्रयोगांत गंज ही बाहेरून येऊन धातूवर आरूढ होणारी वस्तू मानलेली आहे. एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांची दृष्टीही ह्याहून फार वेगळी नव्हती. बाहेरून येणारे ते काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मँचेस्टरच्या क्रेस कॅल्व्हर्ट ह्या रसायनज्ञाने १८७० च्या सुमारास लोखंडाची पाती निरनिराळ्या वायूंत ठेवून पाहिली. कोरड्या प्राणवायूत ती जशीच्या तशी राहिली. दमट प्राणवायूत थोडी गंजली. दमट प्राणवायूत कर्बाम्लवायू मिसळताच ती झपाट्याने गंजली. ह्यावरून कर्बाम्लवायू हाच गंजाचा मूळ कर्ता होय, असे मत दृढ झाले आणि १८८८ मध्ये क्रम ब्राऊन ह्यांनी त्यास व्यवस्थित उपपत्तीचे रूप दिले. ह्या मताला ‘अम्लवाद’ म्हणता येईल. विसाव्या शतकाच्या प्रारंभी, १९०३ मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञ विलिस व्हिटनी ह्यांनी त्याला आव्हान दिले. कर्बाम्लवायूचा अंश नसलेल्या पाण्यातही लोखंड विरघळते आणि ही क्रिया मूलतः विद्युत्-रासायनिक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानंतरची काही वर्षे दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या प्रयोगांतील अशुद्धी शोधण्यात घालविली. ह्या वादाचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. व्यवहाराच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम मात्र महत्त्वाचा ठरला: गंज टाळण्यासाठी अम्ल टाळले की पुरे, ही समजूत मागे पडली.

केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स ह्यांनी १९२३ पासून पुढे ह्या विषयाला जे वळण दिले ते आजही टिकून आहे. स्वच्छ लोखंडी पृष्ठावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा आणि त्यात रंग बदलणारी द्रव्ये मिसळावीत, हा त्यांचा प्रसिद्ध प्रयोग होय. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा होतो व कडा गुलाबी होते. दोहोंच्या मध्ये तपकिरी गंजाचे कडे उमटते. थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू सहज पोहोचतो, मध्यभागी तो कमी पोहोचतो. जेथे प्राणवायू कमी तेथे लोखंड धनाग्र होऊन विरघळते; जेथे तो विपुल तेथे ऋणाग्र बनते. म्हणजे लोखंड झिजते एका जागी आणि गंज साचतो दुसऱ्या जागी. एका थेंबात हे सर्व घडते, तर अनेक थेंबांनी आतून घामेजलेल्या टाकीत काय घडत असेल ह्याची कल्पना करणे कठीण नाही.

मोटारगाडीच्या कारखानदारांनी तोपर्यंत आपला मार्ग शोधलेला होता. तो त्यांनी उपपत्तीची वाट न पाहता कल्हईवाल्याच्या परंपरेतून घेतला. तांब्यापितळेच्या भांड्याला कथलाचा हात देतात, त्याचप्रमाणे पोलादी पत्र्याला शिसे आणि कथील ह्यांच्या मिश्रधातूचा लेप देत. त्यात शिसे पुष्कळ आणि कथील थोडे असे. केवळ शिसे लोखंडाला धरीत नाही, ते धरावे म्हणून कथलाची जोड आवश्यक असते. हा पत्रा स्वस्त, मऊ, हवा तसा वळणारा आणि झाळ सहज घेणारा असल्यामुळे अनेक दशके इंधनटाक्यांसाठी प्रचारात राहिला. त्याचा दोष असा की लेपात सूक्ष्म छिद्र राहिले आणि तेथे पाणी पोहोचले, तर गंजाचा सगळा जोर त्या छिद्रावर येतो. उघडे पोलाद सर्वत्र थोडे थोडे गंजते. लेप दिलेले पोलाद मोजक्या ठिकाणी, परंतु खोलवर गंजते. वरून सुस्थितीत दिसणारी टाकी टाचणीच्या अग्राएवढ्या छिद्रातून गळू लागते ती ह्यामुळेच. दुसऱ्या महायुद्धातील २० लिटरांचा जर्मन पेट्रोलचा डबा, जो पुढे ‘जेरीकॅन’ ह्या नावाने जगभर गेला, त्याला आतून संरक्षक लेप दिलेला असे. उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत इंग्रजांचे पातळ पत्र्याचे डबे सर्रास गळत, त्याच काळातील ही गोष्ट. पण लेप हा कितीही चांगला असला तरी धातूवरचा उपचार होता. टाकीच्या पोकळीचा विचार त्यात नव्हता.

ह्या पोकळीचा विचार करण्याची वेळ आता आली आहे. ५० लिटरांची एक टाकी घ्या. तीत ३० अंश सेल्सियस तापमानाची आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा भरलेली आहे असे समजा. मुंबईत जुलै महिन्याची सरासरी आर्द्रता ह्याहूनही अधिक असते, तेव्हा हे गृहीत अवास्तव नाही. अशा हवेच्या एका घनमीटरात सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. म्हणजे आपल्या टाकीत सुमारे १.२ ग्रॅम. रात्री टाकी २० अंशांपर्यंत निवाली तर हवा घनमीटरास १७ ग्रॅमांहून थोडे अधिक बाष्प धरू शकते. राहिलेले सुमारे एक तृतीयांश ग्रॅम पाणी भिंतीवर उतरते. ते सर्वत्र सारखे पसरले तर त्याचा थर मिलिमीटराच्या हजाराव्या हिश्श्याच्या निम्म्याहूनही पातळ होईल. पण ते सारखे पसरत नाही, थेंबाथेंबाने जमते. आणि थेंबाखाली काय होते हे इव्हान्स ह्यांनी दाखविलेच आहे.

टाकी श्वासही घेते. दिवसा आतली हवा तापून प्रसरण पावते व झाकणाच्या छिद्रातून बाहेर जाते; रात्री ती आकुंचित होते व बाहेरची नवी हवा आत येते. १० अंशांच्या फरकाने ५० लिटरांच्या टाकीत रोज दीड लिटराच्या थोडी वर हवा आत-बाहेर होते, आणि तिच्याबरोबर फार तर ग्रॅमाचा पंचविसावा हिस्सा बाष्प येते. ह्या श्वासाने पावसाळ्यात टाकी पाण्याने भरते, अशी एक समजूत अनेक हस्तपुस्तिकांतून आढळते. ती हिशेबात टिकत नाही. शंभर दिवसांत आलेला एकही कण परत गेला नाही असे धरले तरी ते पाणी चार ग्रॅमांपुढे जात नाही. टाकीत वाटीभर पाणी सापडले तर दोष झाकणाच्या खराब पट्टीचा किंवा पुरवठ्यातील पेट्रोलचा असण्याचा संभव अधिक. तथापि समजूत चुकीची ठरली म्हणून धोका टळत नाही. गंजाला वाटीभर पाणी लागत नाही. त्याला थेंब पुरतो, आणि तो थेंब रोज रात्री नव्याने मिळतो. कोकणात एका पावसाळ्यानंतर उघडलेल्या जुन्या दुचाकीच्या टाकीत प्रस्तुत लेखकाने पाहिले ते असे: तळाशी पेट्रोलचा चिकट अवशेष होता व तेथील पत्रा बराच शाबूत होता, तांबूस भुकटी सगळी छताच्या आतल्या अंगाला होती.

हा थेंब पेट्रोलच्या टाकीत विशेष उपद्रवी का ठरतो, ह्याचे उत्तर तेलवाहू जहाजांच्या अनुभवात सापडते. अशुद्ध खनिज तेल वाहणाऱ्या जहाजाच्या टाक्यांवर तेलाचा, मेणाचा एक चिवट थर राहतो. पेट्रोलसारखी शुद्ध तेले वाहणाऱ्या जहाजात तो राहत नाही. आणि अशा जहाजांच्या टाक्या पूर्वी फार लवकर झिजत. पेट्रोल हे उत्तम धुण्याचे द्रव्य आहे. पत्र्यावर कारखान्यातून आलेला तेलाचा अंश ते धुऊन नेते आणि मग स्वतःही उडून जाते. मागे उरते ते नितळ, उघडे पोलाद. पेट्रोल काढून घेतलेली टाकी म्हणजे गंजासाठी मुद्दाम घासून ठेवलेले पात्रच होय.

ह्या ठिकाणी इंग्लंडमधील व्हर्नन ह्यांच्या संशोधनाचे महत्त्व कळते. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी लोखंडाचे नमुने खोलीतील हवेत ठेवले. काही उघडे आणि काही मलमलीच्या पिंजऱ्यात. उघडे गंजले; मलमलीतले जवळजवळ तसेच राहिले. मलमल हवा अडवीत नाही, बाष्पही अडवीत नाही. ती फक्त धूळ अडविते. १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनी हवेत सल्फर डायऑक्साइडचा अल्प अंश मिसळून आर्द्रता हळूहळू वाढवीत नेली. सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांपर्यंत पोहोचेतो लोखंडाचे वजन नाममात्र वाढत होते. ती मर्यादा ओलांडताच गंज एकदम उसळला. ह्याचा अर्थ दुहेरी होता. एक तर गंजण्यासाठी हवा संपृक्त व्हावी लागत नाही; डोळ्यांना दव न दिसताही गंज चालू शकतो. दुसरे असे की, एका मर्यादेखाली हवा कोरडी ठेवता आली तर लोखंडावर काहीही न चोपडता ते सुरक्षित राहते. माझ्या मते गंजप्रतिबंधाच्या इतिहासातील हा खरा सांधा आहे. येथपर्यंत प्रश्न धातूचा होता. येथून पुढे तो हवेचा झाला.

दिल्लीच्या लोहस्तंभाचा उल्लेख अशा प्रसंगी हटकून होतो, म्हणून एवढेच नमूद करतो की १९५३ मध्ये हडसन ह्यांनी स्तंभाजवळ आजच्या पोलादाचे नमुने टांगून तेथील हवाच फार सौम्य असल्याचे दाखविले होते. पुढे कानपूरच्या बालसुब्रमण्यम ह्यांनी २००० च्या सुमारास स्तंभाच्या लोखंडातील फॉस्फरसामुळे बनणाऱ्या संरक्षक थराचे विवेचन केले. दोन्ही कारणे खरी असण्यास प्रत्यवाय नाही. केवळ धातूच्या गुणावर भर देणाऱ्यांनी मात्र हडसन ह्यांना वगळू नये.

व्हर्नन ह्यांचा निष्कर्ष दुसऱ्या महायुद्धात कामी आला. हवा कोरडी ठेवण्याचे साधन तयारच होते. वॉल्टर पॅट्रिक ह्या अमेरिकन रसायनज्ञाने १९१९ मध्ये पेटंट घेतलेले सिलिका जेल पहिल्या महायुद्धातील विषारी वायूंच्या मुखवट्यांच्या कामातून निघालेले होते. दुसऱ्या महायुद्धात विमानांची इंजिने समुद्रमार्गे पाठविताना ठिणगीच्या प्लगांच्या जागी ह्या जेलने भरलेले पारदर्शक प्लग बसवीत. जेल निळे असेतो आतली हवा कोरडी, गुलाबी झाले की बदलावयाचे. हीच युक्ती टाकीला लावून पाहू. ५० लिटरांच्या टाकीला श्वासापुरते एकच छिद्र ठेवून त्यात १०० ग्रॅम जेलची नळी बसविली तर, जेल आपल्या वजनाच्या एक पंचमांश पाणी घेते असे धरल्यास, वर्षभराहून अधिक काळ ते पुरेल असे वरील हिशेबावरून निघते. कल्पना साधी आहे; पण हजारो वाहनांच्या कोठारात प्रत्येक नळीचा रंग पाहात हिंडणारा मनुष्य हवा, ही तिची मर्यादा.

१९४५ नंतर अमेरिकेपुढे हा प्रश्न अवाढव्य प्रमाणावर उभा राहिला. दोन हजारांवर जहाजे राखीव ताफ्यात ठेवावयाची होती. आरमाराने जहाजांची दारे-झरोके बंद करून आत हवा सुकविणारी यंत्रे बसविली आणि आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे व्हर्नन ह्यांच्या मर्यादेच्या निम्म्यावर ठेवली. उघड्यावरील तोफांवर प्लॅस्टिकचा फवारा देऊन कोश विणले. १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर ह्या ताफ्यातील पुष्कळ जहाजे पुन्हा समुद्रावर गेली, तेव्हा ही पद्धत सिद्ध झाली असे मानण्यास हरकत नाही. विमानांसाठी १९४६ मध्ये ॲरिझोनातील टूसॉनजवळचा डेव्हिस-मॉन्थन तळ निवडला गेला. तेथे यंत्राने हवा सुकविण्याची गरजच नव्हती. वाळवंटाने ते काम केलेले होते.

तरीही डेव्हिस-मॉन्थन येथे इंधनव्यवस्थेसाठी रूढ झालेली रीत पाहण्यासारखी आहे. विमानातील इंधन काढून घेतात. मग सर्व टाक्यांत व नळ्यांत हलके तेल भरतात आणि तेही काढून घेतात. आत उरतो तो तेलाचा पातळ थर. विमानाच्या टाक्या बहुधा पोलादाच्या नसतात. पंप, झडपा आणि जोड ह्यांचेही रक्षण त्यात अभिप्रेत आहे. परंतु पेट्रोलने धुऊन नेलेला थर हेतुपूर्वक परत देणे, ही कल्पना पोलादी टाकीला तर अधिकच लागू पडते. वाळवंटाच्या कोरड्या हवेतही हा तेलाचा थर सोडलेला नाही, ही गोष्ट माझ्या प्रतिपादनाच्या काहीशी विरुद्ध जाते हे मान्य केले पाहिजे. हवेचा विचार आला म्हणून धातूचा उपचार संपला नाही. मात्र तो आता कोणत्या हवेपासून आणि किती काळ बचाव करण्यासाठी, हे जाणून होऊ लागला.

तिसरा मार्ग रसायनज्ञांनी दिला. पेट्रोलच्या लांबलचक नळमार्गांत आतून गंज चढत असे. पाण्यापेक्षा पेट्रोलमध्ये प्राणवायू कितीतरी अधिक विरघळतो. त्यामुळे पेट्रोलखाली दबलेल्या पाण्यालाही तो मिळत राहतो. अर्धी भरलेली टाकी सुरक्षित का नाही, ह्याचे कारण हेच. वाख्टर व स्मिथ ह्यांनी १९४३ मध्ये सोडियम नायट्राइटचे द्रावण नळांत सोडून हा गंज रोखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वाख्टर ह्यांनी सहकाऱ्यांसह १९५१ मध्ये डायसायक्लोहेक्झिल-अमोनियम नायट्राइट ह्या द्रव्याची माहिती दिली. हे द्रव्य कापरासारखे, पण कापराहून फार सावकाश उडते. बंद पोकळीत त्याची वाफ प्रत्येक कोपऱ्यात पोहोचून लोखंडावर बसते. म्हणजे हवेलाच पहारेकरी केले. दोष पुढे दिसले. जस्त, मॅग्नेशियम अशा धातूंना ही वाफ बाधते; आणि जुन्या गाड्यांचा कार्ब्युरेटर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचाच असे. शिवाय नायट्राइट व अमाइन ह्यांच्या संयोगातून कर्करोगकारक द्रव्ये उद्भवू शकतात हे ध्यानी आल्यावर १९७० नंतरच्या काळात अन्य द्रव्ये पुढे आली.

टाकी घट्ट बंदच केली तर? ५० लिटर हवेत सुमारे १० लिटर प्राणवायू असतो, आणि तेवढा ३० ग्रॅम लोखंडाचा गंज करण्यास पुरेसा आहे. बाष्प आतच कोंडलेले असेल तर हा गंज थांबणार नाही. मोठ्या टाक्यांत ह्याच क्रियेने मनुष्यहानी होते. जहाजाची रिकामी, बंद पोलादी टाकी काही महिन्यांत आतला प्राणवायू खाऊन टाकते. तीत उतरणाऱ्या खलाशाला वास येत नाही, धूर दिसत नाही. तो दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढावयास गेलेला दुसराही त्याच्याजवळच पडतो. बंद जागांतून माणसे सोडविण्याच्या कवायती जहाजांवर २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीच्या झाल्या आहेत. वाहनाच्या टाकीत मनुष्य उतरत नाही. पण तिचाही एक धोका आहे. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे दीड ते साडेसात टक्के असली की ती स्फोटक होते. भरलेल्या टाकीत वाफ ह्याहून दाट असते. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत ती नेमकी ह्या मर्यादेत येऊ शकते. टाकी वाळविण्यासाठी ज्वाला किंवा विजेची शेगडी जवळ नेणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

ह्या सर्व अनुभवातून कोठारांत एक सोपा नियम रूढ झाला होता: टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे हवेला जागाच राहणार नाही. शुद्ध पेट्रोलच्या काळात हा नियम थोड्या महिन्यांच्या साठवणीसाठी योग्य होता. १९७० नंतर प्लॅस्टिकच्या टाक्या प्रचारात आल्या आणि चारचाकी गाड्यांपुरता प्रश्न बराच सुटला. दुचाकींच्या टाक्या मात्र बहुतांशी पोलादीच राहिल्या. भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के व २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत आले. इथेनॉल पाणी ओढून घेते. १० टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी मिसळले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात, आणि तो तळाचा थर पोलादाला साध्या पाण्याइतकाच किंवा अधिक जाचक असतो. मिश्रणात इथेनॉल जितके जास्त, तितके ते फुटण्यापूर्वी अधिक पाणी धरते हे खरे. परंतु वर्ष-दोन वर्षांच्या साठवणीत भरलेली टाकी निर्धोक आहे असे आता म्हणता येत नाही. दीर्घ मुदतीसाठी रिकामी टाकीच पुन्हा श्रेयस्कर ठरते. मात्र ती डेव्हिस-मॉन्थनच्या रीतीने रिकामी केलेली हवी. पेट्रोल पूर्ण काढावे, मोकळ्या हवेत वाफ जाऊ द्यावी, कोरड्या दिवशी हलके तेल ओतून टाकी सर्व बाजूंनी फिरवावी, विशेषतः उलटी करून छताला तेल लावावे, उरलेले ओतून घ्यावे, आणि गाडी पुन्हा चालू करण्यापूर्वी थोड्या पेट्रोलने टाकी विसळून ते पेट्रोल इंजिनात न जाऊ देता बाहेर काढावे.